गुलाबी गोळी आणि मी

एकोणीसशे सत्त्याण्णव साली आमच्या घरात एक गुलाबी गोळी आली आणि माझे सुख संपले.

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. पाथरवटाने मला काळ्या दगडातून कोरले. पुढे मी या घरच्या आजोबांच्या औषधाला लागलो. एकदा घशात गोळी अडकल्यापासून त्यांनी गिळण्याचा धसकाच घेतला होता. म्हणून त्यांची सून रक्तदाबाची गोळी सकाळ, दुपार, संध्याकाळ माझ्यात कुटून मधातून चाटवायची. "या खलावाचून माझं पान हलत नाही," आजोबा म्हणायचे. मी फुगून जायचो.

मग डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी गोळी दिवसातून एकच. अंगाने गुळगुळीत, चकचकीत पाकिटात बसलेली. घरभर तिचेच कौतुक, आणि इकडे माझा तिळपापड. मी तीनदा राबायचो. ही एकदाच येणार आणि सगळा मान घेणार.

सुनेने सवयीने तिलाही माझ्यात टाकले. तिचा भुगा होताना मला गारगार वाटले.

थोड्या वेळाने आजोबा खुर्चीतून उठले आणि अंधारी येऊन कोसळले. शेजारचा औषधवाला धावत आला. गाडी बोलावताना त्याची नजर माझ्या पोटातल्या गुलाबी भुकटीवर पडली.

"वहिनी, ही कुटलीत?"

"बाबांची गोळी रोज कुटतेच की."

"अहो, साधी गोळी लगेच विरघळते. रक्तात औषध भरभर चढतं, भरभर उतरतं, म्हणून तीनदा द्यायची. ही दिवसभर थोडं थोडं सोडते. तुम्ही अख्ख्या दिवसाचं औषध एका दमात दिलंत."

सुनेने आजोबांचा हात धरला.

"तिला बोलू नकोस," आजोबा पुटपुटले. "मीच भित्रा."

दवाखान्यातून ते परतले. डॉक्टरांनी घसा तपासून निर्धास्त केले होते. ताठ बसून, पेला हातात धरून ते गोळीकडे बघत राहिले.

"बाबा, मी इथेच आहे," सून म्हणाली.

त्यांनी ती अख्खी गिळली. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिले नाही.

आजोबा पुढे बरीच वर्षे जगले. औषधवाला अशा प्रत्येक पाकिटावर 'कुटू नये' असे लिहू लागला. आता त्याची लेक लिहिते. सून म्हातारी झाली आणि तशीच गोळी अख्खी गिळते. मी स्वयंपाकघराचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडवून बसतो.

मित्रांनो, कुठलीही गोळी कुटण्याआधी औषधवाल्याला विचारा. आणि मला अधूनमधून धुऊन चार मिरे तरी कुटा. त्या गुलाबीचे गुण मला मान्य आहेत. फक्त माझ्यासमोर गाऊ नका.