पोटावरची उशी

मित्रांनो, उशी म्हटली की तुम्हाला झोप आठवते. माझ्या नशिबी झोप नव्हती. मी एक जुनी, तपकिरी मखमलीची उशी आहे, घोड्याचे केस भरलेली, आणि माझं जवळजवळ सगळं आयुष्य बर्लिनमधल्या एका बाईच्या पोटावर गेलं. हसू नका. आधी ऐका तर खरं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अर्धं शहर ढिगाऱ्यात होतं. एका पडक्या घरातल्या सोफ्यावरून कूनोने मला उचललं. कूनो पियानो वाजवायचा. त्याने आणि फ्रीडेल झाबेल नावाच्या नटीने शहराच्या नॉयकोल्न भागातल्या एका तळघरात कॅबरे सुरू केला होता. कॅबरे म्हणजे भलतंसलतं काही मनात आणू नका. लोक बिअर पीत बसायचे आणि फ्रीडेल गाण्यांतून, नकलांतून सरकारची यथेच्छ खिल्ली उडवायची, एवढंच.

फ्रीडेल अंगाने अगदी किडकिडीत. पण तिचं गाजलेलं सोंग होतं ढेरपोट्या नगरसेवक बोल्टेचं. कोटाच्या आत ती मला नाडीने घट्ट बांधायची आणि माझी ढेरी व्हायची. लोक आधी मला हसायचे, मग बोल्टेला. मला त्याचा फार अभिमान होता, अजूनही आहे.

पण हशाने पोट भरत नाही. म्हणून फ्रीडेलने दिवसाचं एक काम धरलं. एका स्टुडिओत परदेशी सिनेमांना जर्मन आवाज देत असत. पडद्यावर फिल्मचा छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा फिरायचा, परदेशी नटी ओठ हलवायची, आणि फ्रीडेल त्या ओठांवर आपले शब्द बसवायची. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. नायिका प्रियकराचा निरोप घेत होती आणि फ्रीडेलचं उपाशी पोट गुरगुरलं. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला, "झाबेलबाई, तुमच्या पोटाचा संवाद कागदावर नाहीये."

दुसऱ्या दिवशी तिने मला सोबत नेलं. उभ्याउभ्या तिने मला पोटाशी कवटाळलं आणि सगळी गुरगुर मी गिळून टाकली. दिवसा मी पोटाचा आवाज दाबायची, संध्याकाळी स्वतःच पोट व्हायची. इतकं काम कुठल्या उशीने केलं असेल, सांगा बरं.

ती परदेशी नटी पुढे खूप मोठी झाली. तिच्या प्रत्येक सिनेमात आवाज फ्रीडेलचाच. सगळा देश त्या आवाजावर लट्टू झाला, पण तो कोणाचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग एका वर्तमानपत्राने तिचं नाव छापलं आणि आमच्या तळघरात पाय ठेवायला जागा उरेना. कूनो खुशीत होता. मीही होते.

आमची खुशी फार टिकली नाही. फ्रीडेल बोल्टे होऊन आली, पहिलं वाक्य बोलली, आणि लोकांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना सिनेमातली ती सुंदर नटी दिसायची. एक जण तर बायकोला म्हणाला, "तू बघू नकोस गं. बघितलं की मजा जाते." फ्रीडेलने ते ऐकलं. मी तिच्या पोटावरच होते, तिचा श्वास अडकलेला मला कळला. मला फार वाईट वाटलं.

त्याच सुमारास स्टुडिओचे दिग्दर्शक रुंकेसाहेब तिला म्हणाले, "तुमचे ते संध्याकाळचे तमाशे बंद करा. घसा खराब होतो. कायमची नोकरी देतो."

फ्रीडेल कूनोला म्हणाली, "शनिवारी बघते. तेव्हाही डोळे मिटून बसले, तर मी साहेबांना हो म्हणणार. मी दिसायलाच नको असेन, तर उभी कशाला राहू?"

"आणि मी काय एकटाच पियानो बडवू?"

"तू बटाटे सोल."

दोघंही हसले, पण ती मनापासून बोलत होती.

शनिवारी स्टुडिओत बुडत्या जहाजाचा प्रसंग होता. नायिकेला किंचाळायचं होतं. रुंकेसाहेबांचं समाधान काही होईना, आणि फ्रीडेल किंचाळत राहिली. संध्याकाळी तळघरात आली तेव्हा तिच्या तोंडून नुसती हवा निघत होती. कूनो म्हणाला, "राहू दे आज. खेळ रद्द म्हणून पाटी लावतो." तिने नकारार्थी मान हलवली आणि माझी नाडी आवळली.

ती उभी राहिली. लोकांनी सवयीने डोळे मिटले. तिने तोंड उघडलं, बोट उगारलं, ढेरी पुढे काढली. आवाज नाही. कोणीतरी खाकरलं. एकाने डोळा किलकिला केला, मग दुसऱ्याने. फ्रीडेलचे ओठ चाललेच होते.

पुढच्या टेबलावर कोळसेवाली श्मोलबाई बसायची. पहिल्या दिवसापासून यायची, बोल्टेचं भाषण तिला तोंडपाठ होतं, आणि तिने कधी डोळे मिटले नव्हते. ती आपल्या जाड्याभरड्या आवाजात बोलली, "नागरिकांनो, कोळसा नाही, पण आश्वासनं भरपूर आहेत. तीच जाळा."

शब्द नेमके बोल्टेच्या ओठांवर बसले. तळघर हशाने हादरलं. मागून ट्रामच्या कंडक्टरने पुढचं वाक्य टाकलं. बायकोला 'बघू नकोस' म्हणणारा तो गृहस्थही उठला, बोल्टेने कधीच न दिलेलं भलतंच आश्वासन देऊन मोकळा झाला. फ्रीडेलने तेही ओठांवर घेतलं. आजवर ती दुसऱ्यांच्या ओठांवर शब्द बसवत आली होती. आज लोक तिच्या ओठांना आवाज देत होते. आणि ओठ बघायचे तर डोळे उघडेच हवेत ना? सगळे डोळे तिच्यावर होते. तिचं पोट हसून हसून गदगदत होतं, आणि मीही.

सोमवारी ती रुंकेसाहेबांना कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "दिवसा घसा तुमचा. संध्याकाळी माझा." साहेब कुरकुरले, पण काम दिलं. न देऊन करतात काय, लोकांना तोच आवाज हवा होता.

मित्रांनो, ती दोन्ही कामं तिने म्हातारपणापर्यंत केली. आता मला युट्टा नावाची तरुण नटी बांधते आणि फ्रीडेल समोर बसून तिच्या चुका काढते. माझी शिवण उसवली आहे. कोणी दोन टाके घातले, अधूनमधून ऊन दाखवलं, तर मी अजून पुष्कळ हसवीन. माझं मागणं फार नाही. गोड आवाज ऐकून डोळे मिटावेसे वाटले, तर खुशाल मिटा. पण मग उघडाही. तिथे कोणीतरी तुमच्यासाठी उभं असतं.