कोरडी पिसं

काळ्या दगडांच्या त्या वाळवंटात मिशालचं बालपण मेंढ्यांमागं गेलं. कता म्हणजे पखुर्डी, तिथला कबुतराएवढा पक्षी. तिचा नर सकाळी लांबच्या पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो, उडत परत येतो आणि पिल्लं ती पिसं चोखून तहान भागवतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तर अम्मानच्या ऑफिसातून सुट्टी काढून, थोरल्या बहिणीला चालायला म्हणून ओढून आणून, तो पिल्लांसमोर कॅमेरा रोखून पालथा पडला होता.

"सरक मागं," फिद्दा म्हणाली. "बाप वर घिरट्या घालतोय. तू हलल्याशिवाय उतरायचा नाही."

"पाच मिनिटं, ताई."

"तुझ्या पाच मिनिटांना आता नातवंडं झाली."

"इथवर काय कॉफी प्यायला आलो?"

"मी तर कॉफीच प्यायला आले होते. तीही गार केलीस."

दगडाच्या सावलीला दोन पिल्लं चोची उघडून बसली होती. वसंतातलं ऊन सकाळी गोड बोलतं, मग सोलून काढतं. वर फिरणाऱ्या नराच्या पोटाच्या पिसांतलं पाणी वारा पीत होता. अजाण माणसाला एकवेळ माफ करता येतं. याला सगळं कळत होतं, तरी हा पडून राहिला, कारण पाणी पिणाऱ्या पिल्लांचा फोटो त्याच्याजवळ नव्हता.

शेवटी नर उतरला, छाती ताणून उभा राहिला. पिल्लं धावली, पोटाच्या पिसांत चोची खुपसल्या. कॅमेरा खटखटला.

पिल्लांनी चोची काढल्या, पुन्हा खुपसल्या, पुन्हा काढल्या. मिशालनं फोटो मोठा करून पाहिला. पिसं भुरभुरीत. थेंब नाही.

नर उडाला, पुन्हा पाण्याच्या दिशेनं, भर उन्हात.

मिशालनं बाटलीतलं पाणी खळग्यात ओतलं. पिल्लं जमिनीला चिकटून दगड झाली. पाणी मातीनं गिळलं.

"बापाच्या पोटाखेरीज त्यांना पाणी माहीतच नाही," तो म्हणाला.

"मग आता?"

"थांबतो. तो येतो का बघतो."

"थांब की. म्हणजे आला तरी उतरणार नाही."

त्यानं पिशवी उचलली. टेकाड ओलांडताना मान वळवली, तर फिद्दानं दंड धरून पुढं ढकललं. पिल्लं जगली की मेली, हे त्याला आता कधीच कळणार नव्हतं.