न वाचलेल्या चिठ्ठ्या

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी वनमाला मॅडम स्टाफरूममध्ये चिठ्ठ्यांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या. पोरांनी निनावी लिहायच्या, डब्यात टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुणाला काय टोमणा आला ते भर सभेत वाचून दाखवायचं, अशी केजजवळच्या त्या कॉलेजातली जुनी रीत.

गेल्या वर्षी एका मुलीच्या काळ्या रंगावरची चिठ्ठी वाचली गेली. सगळं मैदान हसलं. ती मुलगी नंतर परीक्षेलासुद्धा आली नाही. तेव्हा वनमालानेच प्राचार्यांकडे हट्ट धरला होता, की चिठ्ठ्या आधी कुणीतरी निवडाव्यात. रूप, जात, आईबाप यांवर काही नको. "मग तुम्हीच निवडा," प्राचार्य म्हणाले होते. आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला नाही म्हणता येत नाही, आणि या वेळी तिला म्हणायचंही नव्हतं.

एक चिठ्ठी तिने वाचली आणि तिथेच फाडली. 'मंगलला: आधी अंगाचा पाचटाचा वास घालव, मग कॉलेजात ये.' मंगल दुसऱ्या वर्षाची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, पोरगी नांदूरघाटहून जीपला लोंबकळत यायची. अक्षर तिच्याच वर्गातल्या सत्यमचं होतं, ते वनमालाने ओळखलं.

पुढची चिठ्ठी वाचून मात्र तिला हसू फुटलं. 'मा. संस्थाध्यक्ष विठ्ठलराव यांस: मुलींच्या वसतिगृहाची फीत तीनदा कापली. आता कुलूप कापायला कात्री आम्ही पाठवावी का?'

तेवढ्यात प्राचार्य आत आले. हसू कशाचं म्हणून त्यांनी चिठ्ठी घेतली, वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

"मॅडम, सभ्यतेची चौकट तुम्हीच आखलीत ना? मग ती सगळ्यांना लागू."

"सर, यात असभ्य काय आहे?"

"विठ्ठलराव आबा उद्या स्टेजवर बसणार आहेत, एवढं पुरे."

वनमालाने उरलेल्या चिठ्ठ्या डब्यात भरल्या. घरी गेल्यावर भाकरी थापताना तव्यावरची करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं. आपण दार लावलं ते चोरासाठी, आणि कडी गेली दुसऱ्याच्या हातात, असं काहीतरी तिला डाचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. विठ्ठलराव फेटा बांधून मधोमध. वनमाला एकेक चिठ्ठी वाचत होती. कुणाच्या मिशीवर, कुणाच्या मोटारसायकलवर. पोरं हसत होती, पण तिचा आवाज कोरडा पडला होता. डबा संपला तशी मुलींच्या बाजूने मंगल उभी राहिली.

"मॅडम, माझी चिठ्ठी ऱ्हायली."

"सगळ्या झाल्या, मंगल. बस."

"न्हाई झाल्या. वसतिगृहाची चिठ्ठी माझी हाय. कावून वाचली न्हाई?"

प्राचार्यांनी वनमालाकडे बघून मान हलवली. नाही. तिने माईक घट्ट धरला. चिठ्ठी तर प्राचार्यांच्या खिशात होती, पण तिला ती पाठ झाली होती. तिने डोळे मिटले आणि शब्दन्‌शब्द म्हटली.

आधी एक शिट्टी, मग टाळ्यांचा कडकडाट. विठ्ठलरावही हसले, टाळी वाजवली, शेजारच्याला म्हणाले, "लई गोड पोरगी हाय." राजकारणात मुरलेला माणूस, राग कुठे दाखवायचा नाही हे त्यांना कळत होतं.

तेवढ्यात मागून सत्यम ओरडला, "तिची वाचली, मग माझी कावून गाळली? आमाला बोलायचा हक्क न्हाई का?"

वनमालाचं डोकं तापलेलंच होतं. "छाती असेल तर इथे ये, नाव सांग आणि स्वतः वाच!"

तो येणार नाही, अशी तिची खात्री होती. तो आला. माईक घेतला, नाव सांगितलं आणि ती पाचटाची ओळ म्हणून टाकली. चार-पाच पोरं फिदीफिदी हसली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्यातल्या निम्म्यांचे आईबाप त्या घडीला कुठल्या ना कुठल्या उसाच्या फडावर होते. माईक हिसकावता आला असता. वनमालाचा हात उठलाच नाही.

कार्यक्रमानंतर मंगलने तिला गेटापाशी गाठलं. डोळे लाल, आवाज मात्र खणखणीत.

"माझ्या चिठ्ठीत कुलूप होतं, मॅडम. त्याच्या चिठ्ठीत मी होते. दोनी एकच कशा धरल्या तुमी?"

जीप आली, मंगल मागच्या फळीवर चढली आणि गेली.

सोमवारी प्राचार्यांनी दोन छापील माफीनामे पुढे ठेवले, एक सत्यमचा, एक मंगलचा. "दोघांनाही समान न्याय. मुलीची सही तुम्ही आणा. आणि तुमचाही खुलासा द्या."

दोन दिवस तो कागद तिच्या पर्समध्ये होता. वर्गात, बसथांब्यावर, स्वयंपाकघरात ती पर्स उघडायची आणि परत मिटायची. तिसऱ्या दिवशी तिने मंगलचा माफीनामा बिनसहीचाच परत केला आणि खुलासा लिहून दिला: मंगलची चिठ्ठी अडवू दिली ही माझी पहिली चूक, सत्यमला माईक दिला ही दुसरी. मंगलने माफी मागण्याचं कारण नाही. मग वर्गात गेली, हजेरी घेण्याआधी मंगलसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझं चुकलं. तुला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते." मंगलने फक्त मान डोलावली. सत्यम त्या दिवशी वर्गात नव्हता. माफीनाम्यावर सही करून तो मोकळा झाला होता.

कुणीतरी मांडवातला व्हिडिओ काढला होता, तो गावोगाव फिरला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वसतिगृहाचं कुलूप निघालं, चार खोल्या झाडल्या गेल्या. ऊसतोडीचा हंगाम तोवर सरत आला होता, तरी मंगल आणि सहा जणी परीक्षेपर्यंत तिथे राहिल्या. फिशपॉन्ड मात्र कायमचं बंद झालं. नोटिशीत कारण होतं, 'सभ्यता.'

जूनमध्ये वनमालाला दरवर्षीच्या नेमणुकीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. ती आष्टीच्या एका कॉलेजात मुलाखतीला गेली. तिथल्या प्राचार्यांनी तिची कागदपत्रं चाळली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"ते चिठ्ठ्यांचं प्रकरण तुमचंच का?"

"हो, माझंच."

"पुन्हा तसंच झालं, तर काय कराल?"

"मुलीची चिठ्ठी वाचेन," ती म्हणाली. जरा थांबली. "मुलाच्या चिठ्ठीचं काय करायचं, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही, सर."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. "बाहेर बसा," म्हणाले. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली, उठली, फेऱ्या मारल्या, पुन्हा बसली. दुपारी शिपायाने येऊन सांगितलं, की सोमवारपासून तास घ्यायचेत.