गुडघेदुखीचं संशोधन

पेइ-शुआनच्या वाट्याला नेमकं तेच संशोधन यावं? नर्सिंग कॉलेजच्या बाईंनी एकेकीला एकेक वाटून दिलं होतं. प्रश्न मुळात योग्य होता का, संशोधक रुग्णांशी नीतीनं वागले का, ते तपासायचं नि वर्गापुढे मांडायचं. हिला मिळालं कर्करोग झालेल्या म्हाताऱ्यांचं. आजार लपवला तर रुग्ण जास्त शांत राहतो का, हे त्यात शोधलं होतं. संमतीच्या सह्या घरच्यांच्या. ज्याचा जीव, त्याला पत्ताच नाही!

आणि इकडे हिचे बाबा तैवानमधल्या काऊशुंग शहरातल्या इस्पितळात पोटाचा कर्करोग घेऊन पडलेले. साधा अल्सर आहे या भरवशावर रोज पेरू मागत होते. त्यांना खरं सांगायचं नाही, हे आईनं ठरवलेलं. "सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील," असं ती म्हणाली नि पेइ-शुआनही अल्सरच म्हणू लागली.

शाळेपासून हिचं पाठांतर बाबांपुढेच व्हायचं. ते स्कूटर दुरुस्त करता करता ऐकायचे. आज आई पेज आणायला खाली गेली तसे ते उठून बसले.

"हं, म्हण. बाईंपुढे त-त-प-प नको."

"बाबा, आज राहू दे ना."

"का गं? पोट बिघडलंय माझं, कान नाही."

सुटका नव्हती. वाचता वाचता तिनं कर्करोग गाळला आणि तिथं गुडघेदुखी घातली.

"गुडघेदुखीच्या रुग्णांना आजार सांगितला नाही. प्रश्नच एकतर्फी आहे. शांतता नेमकी कुणाची मोजली, रुग्णाची की घरच्यांची?"

"थांब, थांब. ज्याचा गुडघा दुखतोय त्याला कळत नाही होय? काय डोंबल शिकवतात तुम्हाला!"

बाबा खो खो हसले. मग हसायचे थांबले आणि तिच्याकडे बघतच राहिले. तिनं कागदात डोकं खुपसलं.

"त्या लोकांना काय झालंय म्हणून सांगितलं होतं?"

तिनं कागद उलटा केला.

"अल्सर?"

तिला रडू आवरेना. निघाली होती नर्स व्हायला, आणि सख्ख्या बापाला फसवून बसली! स्वतःचीच शरम वाटली तिला.

"दोष कुणाला दिलास?" बाबांनी विचारलं.

"डॉक्टरांना. आणि... घरच्यांना."

"बरोबर आहे. खोडू नकोस." त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "भीती वाटतेय गं, पोरी."

तेवढ्यात बाहेर आईचा आवाज आला. बाबांनी घाईघाईनं डोळे पुसले.

"मला कळलंय हे आईला सांगू नकोस. हाय खाईल ती."

"बाबा, आता पुन्हा—"

"माझी शपथ आहे तुला."

आई पेज घेऊन आत आली. पोरीचे लाल डोळे तिनं लगेच हेरले.

"काय झालं गं?"

"काही नाही. अल्सर बरा होत आलाय म्हणत होती, म्हणून भरून आलं तिला," बाबा म्हणाले. "हो ना गं?"

दोघंही तिच्याकडे बघत होते.

"हो आई," पेइ-शुआन म्हणाली.