दुपारनंतरचं नाक

कारखान्यात तिला सगळे ‘नाकवाली’ म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, तिलाही नाही. सीबीडीच्या तेलाचा तो छोटासा कारखाना. झाड भांगेच्या कुळातलं, पण नशा न आणणारं. त्याच्या फुलांतून तेल काढायचं, गाळायचं आणि थेंबाथेंबाने घ्यायच्या बाटल्यांत भरायचं. ज्या सीबीडी नावाच्या औषधी द्रव्यासाठी एवढा खटाटोप, त्याला स्वतःला ना वास, ना म्हणावी अशी चव. वास येतो तो झाडातल्या टर्पिनांचा, म्हणजे वासाच्या द्रव्यांचा. आणि हीच टर्पिनं संत्र्याच्या सालीत सापडतात, मिरीत सापडतात, पाइनच्या लाकडात सापडतात. झाडं वेगळी, वासाची मंडळी तीच. त्यातलं कोण किती, यावर तेल लिंबाच्या अंगाने जातं की ओल्या मातीच्या, ते ठरतं. आणि ठरलं तसं आलंय की नाही, ते सांगायचं काम नाकवालीचं.

लोकांना वाटे, बसून वास तर घ्यायचा, त्यात दमायचं काय? एकदा घेऊन बघा म्हणावं. कागदाची पट्टी नाकाशी धरायची, मग दुसरी, मग तिसरी. मध्येच बाही वर करून आपल्याच कोपराच्या खोबणीचा वास घ्यायचा, म्हणजे नाक पुन्हा जागेवर येतं. तरी दुपारपर्यंत संत्रं आणि मिरी एका पंगतीला येऊन बसतात आणि काही केल्या ओळख देत नाहीत. म्हणून कारखान्यात नियमच होता: शेवटचा निकाल सकाळी. दुपारनंतरच्या नाकावर कुणी सही करायची नाही.

त्यात नाकवालीची झोप म्हणजे आनंदच होता. नवरा छापखान्यात रात्रपाळीला, आणि घरात सासरे. एके काळी लाकडाच्या वखारीत मुकादम होते, डोळे मिटून लाकूड ओळखायचे आणि नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. सासूबाई गेल्यापासून बोलणं आटलं होतं आणि गुडघे तेवढे बोलायला लागले होते. डॉक्टरांना विचारूनच तिने त्यांना कारखान्यातले थेंब सुरू केले होते. रोज रात्री ती त्यांच्या खाटेपाशी बसायची, जिभेखाली थेंब सोडायची. म्हातारबुवा डोळे मिटून म्हणायचे, “वखार उघडल्यासारखं वाटतं गं.” आणि सकाळपर्यंत झोपायचे. थेंबांनी झोप यायची, वासाने यायची, की कुणीतरी घटकाभर शेजारी बसतं याने यायची, ते तिने कधी खोदून पाहिलं नाही. झोपत होते ना, मग झालं.

ज्या घाण्यातले हे थेंब होते, तो घाणा संपला. नव्या पिकाला ओल लागली होती. बुरशी धरेल या धास्तीने वाळवणीच्या खोलीत हीटर लावले आणि फुलं घाईघाईने सुकवली. सीबीडी आहे तेवढं राहिलं, पण हलकी टर्पिनं उष्णतेने आधी पळ काढतात. पाइन गेलं, संत्रं गेलं आणि मागे उरला वाळक्या गवताचा वास. म्हातारबुवांनी पहिलाच थेंब थुंकून टाकला.

“हे गवत आहे. मी काय बैल आहे?”

तेव्हापासून रात्री हाका सुरू झाल्या. पाणी दे. खिडकी लाव. खिडकी उघड. कोण आलं बघ. ती उठायची, बघायची, कुणी आलेलं नसायचं. डोळ्याला डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा हाक. सकाळी तसंच कारखान्यात जाऊन नाक वर करून बसायचं. तिच्या अगदी नाकी नऊ आले होते, आणि हे कुणापुढे बोलायचीही चोरी.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तू म्हणशील तसं.” या वाक्याइतकं निरुपयोगी वाक्य भाषेत दुसरं नसेल. बोलणारा मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक पाटी चढते.

शेवटी थोरली नणंद आली. स्वयंपाकघरात, तिच्या मते हळू आवाजात, म्हणाली, “हे बघ, मी एक जागा बघून ठेवलीय. रात्रीची नर्स असते. तू तरी किती दिवस काढशील? एवढा आठवडा बघू, नाहीतर शनिवारी दुपारी मी गाडी घेऊनच येते.”

नाकवालीने “बघू” म्हटलं. पण मनात काहीतरी सैल झालं, ते तिला कळलं. शनिवारची रात्र डोळ्यांपुढे आली. दिवा बंद, घर गप्प, आणि आपण आडव्या. तिला स्वतःची लाज वाटली. तरी ते चित्र हटेना.

तसं पाहिलं तर उपाय तिच्याच हातात होता. गेलेला वास बाहेरून आणता येतो. कारखान्यात निरनिराळ्या झाडांतून काढलेल्या टर्पिनांच्या बाटल्या होत्या आणि फिक्या पडलेल्या तेलात ती घालून ते ताळ्यावर आणणं हे तिचं नेहमीचंच काम. जुन्या घाण्याची एक नमुन्याची बाटली कपाटात होती. ती कारखान्याची, घरी न्यायची सोय नव्हती, पण नाकाशी धरायला कोण अडवणार? मुख्य रसायनतज्ज्ञांना तिने विचारलं. ते म्हणाले, “करा की. पण सकाळी करा.”

सकाळी हातची कामं सोडून सासऱ्यांचं तेल कसं करणार? आज करू, उद्या करू म्हणता शुक्रवार आला. संध्याकाळी सगळे गेल्यावर ती बसली. गवताच्या तेलात आधी पाइन, मग मिरीचं, मग संत्र्याचं, अगदी जपून. एक थेंब जास्त पडला की संत्रं सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. पट्टी, कोपर, पट्टी, कोपर. दिवसभराचं दमलेलं नाक कधी हो म्हणे, कधी नाही. शेवटी जमल्यासारखं वाटलं. बाटली पर्समध्ये टाकून ती घरी आली.

म्हातारबुवांनी थेंब तोंडात घेतला. जरा थांबले. मग शेजारच्या वाटीत थुंकले.

“नाही गं. हे ते नव्हे.”

“नीट बघा ना बाबा.”

“बघितलं. नव्हे.” आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

तिने नणंदेला फोन केला. “ताई, उद्या या.” एवढंच. त्या रात्री एकही हाक आली नाही, तरी ती जागीच राहिली. एकच गोष्ट तिला टोचत होती. चुकलं ते दुपारनंतरच्या नाकामुळे, की ते जमू नये असं आपल्याच मनात होतं म्हणून? पाइनची बाटली तिरकी करताना हात जरा आखडला तर नव्हता? आपल्याला नक्की काय हवं होतं? माणूस दुसऱ्याला फसवतो ते कळतं तरी, आपण आपल्याला फसवतो ते नाकालाही कळत नाही.

शनिवारी अर्धा दिवस काम. ती सगळ्यांच्या आधी पोचली. घरून परत आणलेल्या कालच्या बाटलीत एक पट्टी बुडवली, नमुन्याच्या बाटलीत दुसरी. चूक कुठे झाली ते तरी कळू दे, म्हणजे मनाची टोचणी थांबेल. बाटल्या भरणारी बाई आली, तिला नाकवाली म्हणाली, “या दोन पट्ट्या माझ्यामागे उलटसुलट कर आणि एकेक दे. कुठली कुठली ते सांगू नको.”

सकाळचं ताजं नाक. पहिली पट्टी धरली. पाइन वर, मागे मिरी, तळाशी माती, आणि संत्रं कुठेतरी दाराआड. दुसरी धरली. पाइन वर, मागे मिरी.

“पुन्हा दे.”

बाईने पुन्हा दिल्या, पुन्हा उलटसुलट करून. मग कंटाळून तिने स्वतःच वास घेतला. “दोन्ही एकच तर आहेत. काय शोधताय तुम्ही?”

नाकवालीने बाही वर केली, कोपराचा वास घेतला, पुन्हा पट्ट्या घेतल्या. फरक नव्हता. आयुष्यात इतकं हुबेहूब तिला कधी जमलं नव्हतं. आणि जे सकाळच्या नाकाला सापडत नाही, ते जन्मभर लाकूड हुंगलेल्या माणसाला काल रात्री चुकीचं कसं लागलं? ती स्टुलावर बसली. तिला लगेच कळलं, पण ते आत घ्यायला वेळ लागला.

उरलेल्या वेळाची रजा टाकून ती घरी आली. म्हातारबुवा धुतलेला सदरा घालून खाटेवर बसले होते. पायाशी बॅग. बॅग त्यांनी स्वतः भरली होती, हे तिच्यातल्या टॉवेलच्या वेड्यावाकड्या घडीवरून दिसत होतं.

ती शेजारी बसली. बाटली पुढे धरली.

“बाबा, हे कालचंच आहे.”

“असेल.”

“बरोबर जमलं होतं.”

ते सदऱ्याचं बटण चाचपत राहिले. मग म्हणाले, “वखारीत जन्म गेला माझा. मला पाइन कळत नाही होय?”

“मग थुंकलात का?”

“या घराच्या भिंती पातळ आहेत. आणि नळ सोडून रडलं तरी ऐकू येतं. नळाचा आवाज वेगळा, रडण्याचा वेगळा.”

तिला रडू आलं नाही. रडायलासुद्धा थोडी झोप झालेली लागते.

“मला वाटत होतं तुम्ही जावं,” ती म्हणाली. “थोडं अजूनही वाटतंय.”

“वाटणारच. तुझ्या जागी मी असतो तर कधीच गाडी बोलावली असती.” आणि मग, भिंतीकडे बघत, “पण मला नाही जायचं गं.”

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. जिन्यात नणंदेच्या चपला वाजल्या आणि ती दारात आली. “झाली का तयारी? गाडी रस्त्यातच उभी आहे.”

नाकवालीने बॅग उचलली आणि खाटेखाली ढकलली. “गाडी नीट लावून या, ताई. आज रात्री तुम्ही राहताय. आणि दर शनिवारी राहायचं. मी झोपणार आहे.”

“अगं, पण माझं घर...”

“आहे की. सकाळी जा.”

नणंद बापाकडे बघायला लागली. बापाने नाकवालीकडे बघत तोंड उघडलं. तिने जिभेखाली थेंब सोडले. त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेला पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

ती आतल्या खोलीकडे निघाली तेव्हा मागून आवाज आला. “आज हाक नाही मारणार मी.”

“मारा,” ती म्हणाली. “ताई उठतील.”