पायरीवरच्या चिठ्ठ्या

"आत आपलेपणाचं शिक्षण आहे म्हणे," दाराबाहेर कुणीतरी कुरकुरलं. "म्हणून आपण बाहेर."

"हळू बोला. आतच असतील त्या."

त्या आतच होत्या. दाराला पाठ टेकून उभ्या, कारण एकदा बसलं की उठायला टेबलाची मनधरणी करावी लागे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना दिवसभर टेकायला जागा हवी, म्हणून सतरा वर्षांपूर्वी त्यांनी हे केंद्र काढलं. आता पुढच्या महिन्यात त्यांचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. केंद्र कोण बघणार, हे त्यांनी तीन बैठकांत विचारलं. तिन्ही वेळा सगळ्यांनी आपापल्या चपला न्याहाळल्या. महिनाअखेरपर्यंत कुणी पुढे आलं नाही, तर कायमचं कुलूप. आजचं प्रशिक्षण हा शेवटचा उपाय.

"तुमची माणसं कुठायत?" प्रशिक्षक बाईंनी विचारलं. दोन बस बदलून दमून आलेल्या, पाण्याचा ग्लासही दोन्ही हातांनी उचलत होत्या.

"पायरीवर. केंद्र बंद ठेवलंय आज. उगाच कलकल नको."

प्रशिक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बोलवा त्यांना."

सहा जण आले. पुढे निवृत्त बसचालक, मागे शिवणकाम करणाऱ्या शिंपीणकाकू, मग बाकीचे. बसण्याआधी सगळ्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. खुर्च्या कुठे ठेवायच्या, ते जमिनीवर रंगाने आखलेलंच होतं.

प्रशिक्षक बाईंनी प्रत्येकाला एकेक कोरी चिठ्ठी दिली. "इथली जी गोष्ट तुम्हाला आपली वाटते, तिच्यावर ही ठेवून या. न विचारता जिला हात लावता, अशी कुठलीही."

सगळे उठले आणि खोलीभर घुटमळले. कपाटावर मोठ्या बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'विचारून उघडावे.' कुंड्यांवर, 'पाणी घालू नये, घातलेले आहे.' चहाच्या शेगडीवर नुसतंच, 'नको.'

"खिडकी बघा की," कुणीतरी सुचवलं.

"सहा वर्षांपूर्वी उघडली होती एकदा," चालककाका म्हणाले. "अजून ऐकतोय."

सगळे हसले. मोठ्या बाईही हसल्या, जरा उशिराने. पडदे उडून कुंडी फुटली होती तेव्हा, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

शेवटी चालककाका दार उघडून बाहेर गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. त्यांच्यामागून एकेक जण गेला. मोठ्या बाई भिंतीला धरत दारापर्यंत पोचल्या. बाहेरच्या पायरीवर सहा चिठ्ठ्या ओळीने मांडल्या होत्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक खडा. रोज सकाळी दार उघडायची वाट बघत ही माणसं तिथेच तर बसत. तिथे कुठलीही पाटी नव्हती.

त्यांना एकदम फार दमल्यासारखं वाटलं. सतरा वर्षं चहा केला, खुर्च्या मांडल्या, फरशी पुसली, आजारपणातही एक दिवस चुकवला नाही. कुणाला त्रास नको, एवढंच तर मनात होतं.

"म्हणजे आत काहीच नाही तुमचं?" त्यांनी विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही. "मग मी गेल्यावर हे कुलपातच गेलेलं बरं."

चालककाका पुन्हा चपलांकडे बघायला लागले. प्रशिक्षक बाईंनी तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं परत मिटलं.

शिंपीणकाकूंनी पदराने कपाळ टिपलं.

"बाई, रागवा हवं तर," त्या म्हणाल्या. "जबाबदारी नको म्हणून गप्प नव्हतो आम्ही. माझ्या हातात पंचवीस वर्षं कातरी आहे, या चालककाकांच्या हातात रोज साठ माणसांचा जीव होता. आणि तुम्ही आम्हाला सतरा वर्षांत एक खिडकी उघडू दिली नाहीत. तुमचा आमच्यावर भरवसाच नाही, बाई. कधी नव्हताच."