शेजारच्या खाटेवरचा वाचक

डायलिसिसच्या त्या खोलीत माणसं एकमेकांना धंद्यावरून ओळखत. खिडकीजवळच्या खाटेवर चष्मेवाले, मधल्या खाटेवर शिवणवाल्या ताई आणि भिंतीकडे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर. दिवसाआड सकाळी तिघांच्या हातात सुया जात, अंगातलं रक्त नळीतून यंत्रात जाई आणि धुऊन परत येई. तेवढा वेळ सुईचा हात हलवायचा नाही. दुसऱ्या हातानं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

ताई सुरुवातीला नुसत्या छताकडे बघत पडून राहायच्या. मूत्रपिंडं गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हेच त्यांच्या डोक्यात पुरतं शिरलं नव्हतं. मशीनवर बसून ब्लाउज शिवणारी बाई, घरात दिवसभर पाय हलत असायचे, आणि आता हे असं लाकडासारखं पडून राहणं.

"छत पाठ झालं असेल तर हे घ्या," चष्मेवाले एकदा म्हणाले आणि सिस्टरच्या हाती एक पुस्तक पाठवून दिलं.

"मी काही वाचणारी नाही हो. शाळा सुटली तेव्हाच सुटलं ते."

"मग आवडलं नाही तर शिव्या द्या मला. पण वाचून द्या."

ताईंनी ते वाचलं आणि खरंच शिव्या दिल्या. त्यातली सून फारच सोशीक होती. इतकं सोसणारी बाई पुस्तकातच सापडते, असं त्या म्हणाल्या. चष्मेवाले इतके हसले की त्यांचं यंत्र टीं टीं करायला लागलं आणि सिस्टरनं दोघांना दम भरला. तिथून गाडी सुरू झाली. काय वाचताय, कुठवर आलात, ते वाचू नका, वेळ फुकट जातो, हे वाचाच. मॅनेजर फक्त रहस्यकथा वाचत आणि खुनी कोण ते पहिल्याच दिवशी सांगून टाकत. "मॅनेजर, तुमच्या तोंडाला टाके घालते," ताई म्हणायच्या. चष्मेवाल्यांना मात्र जाडजूड कादंबऱ्या लागायच्या. तीन पिढ्या, दोन भाऊबंदक्या आणि एखादा महापूर असल्याशिवाय त्यांचं पोट भरत नसे. "बारीक पुस्तक म्हणजे पाहुण्यासारखं," ते म्हणायचे, "चहा संपायच्या आत उठतं."

हळूहळू ताईंना खाटेची भीती वाटेनाशी झाली. घरी पाणी मोजून पिताना, सुजलेले पाय उशीवर ठेवून पडताना त्यांच्या मनात पुस्तकातली माणसं असायची. नवरा म्हणायचा, "तू दवाखान्यात जातेस का शाळेत?" तो पावसाळी बूट विकणाऱ्या दुकानात कामाला होता. पुस्तकाला कधी हात लावायचा नाही, पण लायब्ररीतली पुस्तकं न चुकता बदलून आणायचा.

एकदा ताई स्वतः लायब्ररीत गेल्या आणि कुणालाही न विचारता त्यांनी एक कादंबरी निवडली. नदीवर नाव चालवणाऱ्या घराण्याची होती आणि उशीएवढी जाड. पहिली काही प्रकरणं वाचून त्यांना राहवेना. एवढे दिवस चष्मेवाल्यांनी दिलेलं वाचलं, आता आपण त्यांना काहीतरी द्यायचं, या आनंदात त्या पुस्तक पिशवीत घालून आल्या.

"काका, हे तुमच्यासाठी. मी मागून वाचेन, आधी तुम्ही घ्या."

चष्मेवाल्यांनी पुस्तक हातात धरून वजन केल्यासारखं केलं. मग ते सिस्टरकडे परत दिलं. "आता जाड नको, ताई. काहीतरी बारीक असेल तर बघा. एका बैठकीत संपेल असं."

ताईंना ते लागलं. आपली निवड त्यांना पसंत पडली नाही असंच त्यांना वाटलं. त्या दिवशी त्या फारशा बोलल्या नाहीत. पण पुढच्या खेपेला चष्मेवाल्यांची लेक त्यांना जिन्यात गाठायला थांबली होती. शाळेत गणित शिकवायची ती. डोळे रडून रडून बारीक झालेले.

"बाबांनी हे बंद करायचं ठरवलंय," ती म्हणाली. "पायाची जखम भरत नाही, पाय काढावा लागेल असं डॉक्टर म्हणतात. खाटेवर पडलं की रक्तदाब खाली जातो. ते म्हणतात, पाय पण नको आणि सुया पण नकोत. डॉक्टरांनी समजावलं, मी पाया पडले. तुमचं ऐकतात ते. तुम्ही सांगून बघा."

डायलिसिस बंद केलं की काय होतं, ते ताईंना कुणी सांगायला नको होतं. तिथल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं, कुणी उच्चारत नाही एवढंच.

त्या दिवशी सुया लागल्यावर त्या खिडकीकडे मान वळवून म्हणाल्या, "लेक काय म्हणतेय?"

"खरं म्हणतेय."

"मला नाही पटत."

"तुम्हाला पटायला नकोच."

"काका, पाय काढून माणसं जगतात. आमच्या चुलतसासऱ्यांचा काढला होता. कुबडी घेऊन सगळ्या लग्नांना जायचे."

"लग्नांची हौस असेल त्यांना." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "मी दमलोय, ताई. घरी गेल्यावर दिवसभर नुसता पडून असतो, पडून पडून पुन्हा इथे यायची वेळ होते. पुस्तकातलं पान डोळ्यासमोरून जातं, डोक्यात काही राहत नाही. तुम्ही वाचायला सांगा, वाचीन. राहायला सांगू नका. त्याला मी हो म्हणेन आणि मग मला ते पाळता येणार नाही."

मॅनेजर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते झोपलेले नाहीत हे दोघांनाही कळत होतं.

ताईंना राग आला, आणि रागामागून एक विचार आला तो त्याहून वाईट होता. हे सुटू शकतात, मग मी का नाही? सुई टोचून टोचून दोरखंडासारखा झालेला आपला हात त्यांनी बघितला आणि पदराखाली घेतला. जिन्यात थांबलेल्या लेकीला त्या म्हणाल्या, "मी बोलले. नाही ऐकत." "नीट सांगितलं नसेल तुम्ही," लेक म्हणाली आणि खाली उतरून गेली.

पुढच्या खेपेपासून खिडकीजवळची खाट रिकामी राहिली. ताईंनी नवऱ्याला सांगितलं आणि दोघं चष्मेवाल्यांच्या घरी गेली. आपल्या चष्म्यांच्या दुकानाच्या वरच ते राहायचे. खोलीत चेहरा सुजलेला, श्वास लागलेला माणूस उशांना टेकून बसला होता. लेकीनं दार उघडलं, पाणी दिलं आणि ती आत निघून गेली.

"काय वाचताय सध्या?" चष्मेवाल्यांनी विचारलं. आवाज ओळखूही येत नव्हता.

"तेच. नावाड्यांचं."

"सांगा."

ताईंनी सांगायला सुरुवात केली. आजोबांची नाव, दोन भावांचं भांडण, धाकट्याची बायको मूल टाकून पलीकडच्या काठावर निघून जाते ते. चष्मेवाले डोळे मिटून ऐकत होते. मधे मधे मान हलत होती.

"शेवट काय?" त्यांनी विचारलं.

ताईंचं पुस्तक अर्ध्यावरच होतं. पण त्या म्हणाल्या, "ती परत येते. महापुरात तिचा मुलगाच तिला नावेत घेतो. आधी ओळखत नाही, मग ओळखतो."

चष्मेवाल्यांनी डोळे उघडले. "हे तुम्ही रचलंय."

"हो."

"चांगलं शिवलंय. टाके दिसत नाहीत." त्यांना धाप लागली. ती जरा बसल्यावर म्हणाले, "पण नाही येणार ती. अशी गेलेली बाई परत यायची असती, तर पुस्तक एवढं जाड झालं नसतं."

ताई हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू आलं. नवरा उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

त्याच आठवड्यात चष्मेवाले गेले. अंत्यविधीला ताई गेल्या तेव्हा लेक त्यांच्याशी बोलली नाही. तिनं बोलावं अशी ताईंची अपेक्षाही नव्हती.

त्यानंतरच्या खेपेला ताई दवाखान्यात गेल्याच नाहीत. अंग दुखतंय, उद्या जाईन, असं नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी छातीत पाणी भरलं, श्वास घेता येईना, ओठ काळेनिळे पडले. मरण असं असतं हे त्यांना तेव्हा कळलं. पुस्तकातल्यासारखं शांत काही नव्हतं, बुडणाऱ्यासारखं हातपाय झाडणं होतं. नवऱ्यानं त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरवला. रिक्षात त्यांनी त्याच्या शर्टाची बाही इतकी घट्ट धरली होती की ती खांद्यापाशी उसवली.

वाचल्या. डॉक्टर रागावले. नवरा रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून राहिला आणि सकाळी उसवलेल्या शर्टानंच कामावर गेला. ते बघितल्यावर ताईंनी पुन्हा खेप चुकवली नाही. जगावंसं वाटू लागलं होतं असं मात्र नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर आता एक तरुण मुलगी येते. कानात वायर घालून पडते आणि सुई लागताना आईचा हात धरते. ताईंनी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला, पण तिला अजून कुणाशी बोलायचं नाही. मॅनेजरांच्या हातातली पुस्तकं बंद झाली आहेत. ते आता झोपतात, किंवा झोपल्यासारखं करतात.

नावाड्यांची कादंबरी ताईंनी संपवली. ती बाई परत आली नाही. तिच्या मुलानं उरलेली नाव विकली आणि शहरात जाऊन गोदामाची राखण करू लागला, एवढ्यावर पुस्तक संपलं. हे कुणाला सांगावं ते त्यांना कळेना. संध्याकाळी नवरा भांडी घासत होता, आता तेच त्याचं काम झालं होतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन बसल्या आणि त्याला सांगू लागल्या. आजोबा, भाऊ, भांडण. तो पातेलं घासत राहिला. ऐकतोय की नाही ते कळत नव्हतं. मधेच नळ बंद करून त्यानं विचारलं, "थोरला भाऊ कोणता? नाव बुडवली तो?"

"नाही रे. बुडवली ती धाकट्यानं."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं पुन्हा नळ सोडला. त्या आवाजावर आवाज चढवून ताई पुढचं सांगू लागल्या.